परसातले टमाटर पावसाळ्यापर्यंत टिकवायचे तर : काचेच्या बरणीत सीलबंद करण्याची रीत

जानेवारी अर्ध्यावर आला की विदर्भात टमाटराचा भाव बसतो. तोडणीची मजुरी आणि बाजारापर्यंतचं गाडीभाडं धरलं तर कॅरेटमागे हातात फारसं काही उरत नाही. परसातल्या पंधरा-वीस झाडांचा माल तर खाऊन-वाटूनही सरत नाही. पुढे एप्रिल-मेच्या 44-45 अंशांत फुलं गळतात. जे फळ धरतं तेही लाल व्हायच्या ऐवजी पिवळट नारिंगी राहतं, कारण पारा तीस-बत्तिसाच्या वर गेला की फळात लाल रंग तयार होणं मंदावतं. मग जून ते ऑगस्ट बाहेरून आलेल्या मालावर भागवावं लागतं. 2023 च्या जुलैत तर किलोला शंभराच्या वर मोजावे लागले. फेब्रुवारीचा टमाटर जुलैच्या भाजीत हवा असेल तर तो काचेच्या बरणीत सीलबंद करून ठेवता येतो. त्याला फ्रीज लागत नाही, म्हणजे वीज गेली तरी घोर नाही, आणि प्रिझर्वेटिव्हही लागत नाही.

या कामात बरंच काही अंदाजाने चालतं. फोडी लहान-मोठ्या झाल्या, मीठ घातलं किंवा विसरलं, टमाटर दोन-चार कमी-जास्त झाले तरी बिघडत नाही. दोन गोष्टी मात्र मोजूनच करायच्या: प्रत्येक बरणीत घालायचं लिंबू सत्व, आणि बरणी उकळत्या पाण्यात किती मिनिटं बुडून राहिली ते. या दोन्हींत ‘चालून जाईल’ म्हणायचं नाही. का, ते आधी समजून घ्या.

आंबटपणा मोजून का घालायचा

मातीत सगळीकडे क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम नावाचा जिवाणू असतो. त्याचे बीजाणू उकळत्या पाण्यानेही मरत नाहीत. हवा नाही, ओल आहे, आंबटपणा कमी आहे आणि घरातली साधी ऊब आहे अशी जागा मिळाली की ते उगवतात आणि विष तयार करतात. कमी आंबट पदार्थ भरून सीलबंद केलेली बरणी म्हणजे त्यांच्यासाठी नेमकी तशीच जागा. हे विष पोटात गेलं तर डोळ्यांना एकाचे दोन दिसतात, पापण्या जड होतात, जीभ अडखळते, गिळता येत नाही आणि पुढे श्वासही अडतो. अशा वेळी घरगुती उपाय करत बसायचं नसतं, थेट मोठ्या दवाखान्यात न्यायचं असतं.

पदार्थाचा पीएच 4.6 किंवा त्याहून कमी असेल, म्हणजे तो पुरेसा आंबट असेल, तर हे बीजाणू उगवत नाहीत. टमाटर नेमका या सीमेवर बसतो. जात, जमीन आणि पिकण्याची अवस्था यांप्रमाणे त्याचा पीएच साधारण 4.2 ते 4.9 असतो. जिभेवर भरवसा ठेवता येत नाही, कारण फळातली साखर आंबटपणा झाकते. गावरान भेदरं (देशी टमाटर) चांगली आंबट लागतात, पण तीसुद्धा वेलावर जास्त पिकली की त्यांचा आंबटपणा उतरतो. म्हणून टमाटर कोणताही असो, वरून आंबट घालायचंच.

माप असं: अर्ध्या लिटरच्या बरणीला पाव छोटा चमचा सायट्रिक अ‍ॅसिड, म्हणजे किराण्यात मिळणारं लिंबू सत्व, आणि एक लिटरच्या बरणीला अर्धा छोटा चमचा. छोटा चमचा म्हणजे 5 मिलीचा. घरातले चहाचे चमचे एकसारखे नसतात. खोकल्याच्या औषधावर 5 मिलीची खूण असलेलं मापाचं टोपण येतं, ते धुऊन-वाळवून घ्या. खुणेपर्यंत सत्व भरा, कोरड्या ताटलीत ओता, सुरीने चार सारखे भाग करा. एक भाग एका अर्ध्या लिटरच्या बरणीचा. भाग करताना किंचित जास्त झालं तर चालेल, कमी नको.

लिंबू सत्वाची सुटी पुडी घेऊ नका. छापील नाव असलेलं बंद पाकीटच घ्या. खायचा सोडा, तुरटी आणि लिंबू सत्व तिन्ही पांढरी, आणि चुकून सोडा पडला तर आंबटपणा वाढायच्या ऐवजी मारला जातो. झाडावरचं कागदी लिंबू पिळलं तर चालणार नाही का, हा प्रश्न हमखास येतो. इथे ते टाळा. लिंबाचा आंबटपणा झाडागणिक आणि हंगामागणिक बदलतो, शिवाय एका लिंबातून रस किती निघेल तेही ठरलेलं नसतं. बाजारातलं व्हिनेगरही वेगवेगळ्या ताकदीचं असतं. सत्वाचं माप ठरलेलं आहे, स्वस्त आहे, आणि इतक्या कमी प्रमाणात टमाटराची मूळ चवही फारशी बदलत नाही. भाजीत आंबट वाटलंच तर भाजी करताना चिमूटभर साखर किंवा गुळाचा खडा घाला. बरणीतलं माप कमी करू नका.

याच कारणासाठी बरणीत टमाटर, सत्व आणि हवं तर मीठ एवढंच जातं. कांदा, लसूण, हिरवी मिरची, आलं, सांबार (कोथिंबीर) यांतलं काहीही नाही. या भाज्या कमी आंबट असतात, त्या घातल्या की सगळ्या मिश्रणाचा आंबटपणा उतरतो. तेलही नको. तेल काठाशी चढतं आणि झाकणाच्या रबराला नीट बसू देत नाही. दाटपणासाठी बेसन किंवा कॉर्नफ्लोअर घातलं तर उष्णता बरणीच्या मध्यापर्यंत वेळेत पोचत नाही. फोडणी काय द्यायची ती बरणी उघडल्यावर द्या.

टमाटर कोणते घ्यायचे

गर जास्त, बिया आणि पाणी कमी असे लांबट टमाटर सगळ्यात सोयीचे. रोमा जातीसारखे किंवा बाजारात ‘अंडाकृती’ म्हणून मिळणारे संकरित टमाटर चालतात. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाच्या भाग्यश्री किंवा धनश्रीची रोपं मिळाली तर तीही लावता येतील. पुसा रुबी आणि गावरान भेदरं रसाळ असतात. त्यांच्या फोडी करण्यापेक्षा त्यांचा गर काढलेला बरा, त्याची रीत खाली दिली आहे.

फळ पूर्ण लाल पण हाताला टणक हवं. मऊ पडलेलं, चिरलेलं, बुरशीचा एखादाही ठिपका असलेलं फळ बाजूला ठेवा. सडका भाग कापून उरलेलं घ्यायचं, ही सवय इथे सोडावी लागते, कारण बुरशी आजूबाजूच्या गराचाही आंबटपणा कमी करते. बुड काळं पडलेली फळं घेऊ नका. करप्याने किंवा मर लागून झाड वाळलं असेल तर त्यावर उरलेली फळंही घेऊ नका. ती दिसायला चांगली असतात, पण त्यांचा आंबटपणा कमी झालेला असू शकतो. अशा फळांची ताजी चटणी त्याच दिवशी करून खाल्ली तर हरकत नाही.

लिटरभर बरणीला साधारण 1.3 ते 1.4 किलो टमाटर लागतात. पहिल्यांदा करताना साडेतीन किलो घ्या आणि अर्ध्या लिटरच्या पाच बरण्या भरा. पूर्ण कॅरेट समोर घेऊन बसलात तर घाई होते आणि घाईत वेळेचं भान सुटतं.

सामान

बरण्या काचेच्या, जाड आणि रुंद तोंडाच्या. झाकण पत्र्याचं आणि आतल्या कडेला रबरासारखा थर असलेलं. मेसन जार नावाने दोन भागांचं झाकण (चपटी चकती आणि बाहेरची फिरकीची रिंग) असलेल्या बरण्या ऑनलाइन मिळतात. नवख्यांनी त्याच घ्याव्यात. त्यांत आतली हवा नीट बाहेर पडते आणि सील लागलं की नाही ते स्पष्ट दिसतं. एकसंध फिरकीच्या झाकणाच्या बरण्याही मिळतात, पण त्यांची झाकणं नवी कोरीच घ्यायची. लोणच्या-जॅमच्या बाटलीचं जुनं झाकण दुसऱ्यांदा वापरू नका, त्याच्या रबरावर पहिल्या वेळेचा खोबणा पडलेला असतो. चिनी मातीची बरणी, प्लास्टिकचा डबा, किंवा प्लास्टिकच्या झाकणाची काचेची बाटली या कामाची नाही.

बरणीच्या काठावरून बोट फिरवून बघा. बोटाला टवका किंवा चीर लागली तर ती बरणी डाळी-साळीला वापरा.

टमाटर शिजवायला स्टीलचं जाड बुडाचं भांडं. जर्मनच्या (अ‍ॅल्युमिनियमच्या) भांड्यात आंबट पदार्थ शिजवला की धातू उतरतो आणि रंगही काळपट होतो. कल्हई नसलेलं पितळ-तांबं तर नकोच. बरण्या उकळायच्या गंजाला (उंच पातेल्याला) मात्र ही अट नाही, तिथे जर्मनचा मोठा गंज चालतो, कारण टमाटर त्या पाण्याला लागत नाहीत. गंज बरणीपेक्षा किमान चार-पाच बोटं उंच असावा आणि त्याला झाकण असावं. बुडाशी ठेवायला गोल जाळी किंवा घडी करून ठेवलेलं जाड फडकं. बरणी थेट तापल्या बुडावर टेकली की तडकते.

याशिवाय सांडशी, रुंद तोंडाचं नरसाळं, लाकडी सराटा (कालथा), एक पातळ बांबूची पट्टी, स्वच्छ फडकी आणि घड्याळ. वेळ अंदाजाने सांगणारं माणूस नको, घड्याळच हवं.

प्रेशर कुकरबद्दल एक गोष्ट. घरचा कुकर या कामाला वापरू नका. तो फार लवकर तापतो आणि फार लवकर थंड होतो. बरण्या सीलबंद करायच्या वेळा वेगळ्या यंत्रासाठी ठरवलेल्या असतात, शिट्ट्या मोजून त्या साधता येत नाहीत. आंबट घातलेल्या टमाटराला उघड्या गंजातलं उकळतं पाणी पुरतं.

सोलणं आणि शिजवणं

बरण्या साबणाने धुऊन गरम पाण्यात ठेवा. वेगळ्या उकळून निर्जंतुक करायची गरज नाही, कारण भरल्यावर त्या दहा मिनिटांपेक्षा बराच जास्त वेळ उकळणारच आहेत. पण भरताना त्या गरम असल्याच पाहिजेत. थंड काचेत उकळता टमाटर पडला की तळ निघून येतो.

टमाटर धुऊन देठाकडचा कडक भाग टोकदार सुरीने काढा. दुसऱ्या टोकाला सालीपुरती फुलीसारखी चीर द्या. उकळत्या पाण्यात आठ-दहा टमाटर सोडा. अर्ध्या ते एका मिनिटात चिरेपाशी साल वळायला लागते. लगेच झाऱ्याने काढून गार पाण्यात टाका, साल हाताने सुटते. पाण्यात जास्त वेळ राहिला तर वरचा गर शिजून सालीसोबत निघतो आणि वजन घटतं. साल काढायचा कंटाळा करू नका. मातीतले जिवाणू सगळ्यात जास्त सालीवरच असतात, आणि बरणीत सालीच्या कडक सुरळ्या होतात.

आता नवख्यांची सगळ्यात जास्त फसगत होते ती जागा. सगळे टमाटर चिरून परातीत ठेवले आणि मग निवांत शिजवायला घेतले, तर महिनाभराने बरणीत खाली पाणी आणि वर गर असे दोन थर दिसतात. टमाटर कापताक्षणी त्यातली विकरं (एन्झाइम) पेक्टिन तोडायला लागतात. पेक्टिन म्हणजे गराला दाटपणा देणारा घटक. ही विकरं 80 अंशांच्या वर निकामी होतात. म्हणून कापणं आणि तापवणं यांत वेळ जाऊ द्यायचा नाही.

त्यासाठी असं करा. साडेतीन किलोतले साधारण अर्धा-पाऊण किलो टमाटर आधी चौकोनी फोडी करून लगेच स्टीलच्या भांड्यात टाका, सराट्याने ठेचा आणि मोठ्या आचेवर ढवळत उकळी आणा. रस सुटला आणि खदखदायला लागला की पुढचे चार-पाच टमाटर चिरून थेट त्यात टाका. पुन्हा उकळी येऊ द्या, मग पुढचे चार-पाच. हे पुढचे ठेचायची गरज नाही, ते शिजताना आपोआप मऊ होतात. पहिला रस उकळता असल्यामुळे नंतर पडणारी प्रत्येक फोड काही क्षणांत तापते. भांडं उकळतं ठेवणारा एक आणि चिरणारा एक असे दोघे असले तर बरं. सगळे पडल्यावर पाच मिनिटं सलग उकळू द्या. बुडाला लागू देऊ नका, लागलेला वास सगळ्या बरण्यांत उतरतो.

गर काढायचा असेल तर साल काढायची गरज नाही. देठ काढून, वरच्यासारखंच थोडे-थोडे चिरून उकळत शिजवा आणि स्टीलच्या पुरणयंत्रातून किंवा पुरणाच्या चाळणीतून गाळून घ्या. साल आणि बिया वर राहतात. मग गर उघड्या भांड्यात आटवा. दहा किलो टमाटरांतून पातळ गर चार लिटरांच्या आसपास होतो, दाट हवा असेल तर तीन-सव्वातीन लिटरच उरतो. आटताना शिंतोडे उडून हाताला भाजतं, लांब दांड्याचा सराटा घ्या. आटवला म्हणून सत्वाचं माप कमी करायचं नाही.

भरणं आणि उकळणं

दुसऱ्या चुलीवर गंजातलं पाणी आधीच तापत ठेवा. बरण्या आत सोडताना ते चांगलं गरम हवं, पण खदखदतं नको.

एकेक गरम बरणी घ्या. आधी सत्वाचा मोजलेला भाग, मग वाटलं तर अर्धा छोटा चमचा मीठ (ते चवीपुरतंच, टिकण्याशी त्याचा संबंध नाही), मग नरसाळ्यातून उकळते टमाटर. काठापासून अर्धा इंच जागा रिकामी ठेवा. ही जागा महत्त्वाची आहे. कमी ठेवली तर उकळताना रस बाहेर येऊन काठाशी अडकतो आणि सील लागत नाही. जास्त ठेवली तर सगळी हवा बाहेर पडत नाही आणि वरचा थर तपकिरी होतो. बांबूची पट्टी काचेच्या कडेने खाली नेऊन दोन-तीनदा फिरवा, अडकलेले बुडबुडे वर येतात. पातळी उतरली तर थोडा रस घाला. लोखंडी सुरी फिरवू नका, काचेला ओरखडा पडतो आणि पुढे त्याच जागी बरणी फुटते.

काठ ओल्या स्वच्छ फडक्याने पुसा. एक बी किंवा तंतू काठावर राहिला तर तेवढ्या जागेतून हवा आत-बाहेर होते. झाकण बसवा. दोन भागांचं असेल तर रिंग बोटांच्या जोराने अडेपर्यंत, त्याहून जास्त आवळू नका. उकळताना आतली हवा झाकणाखालून निघायची असते, आवळून टाकलं तर झाकण फुगून वाकतं. एकसंध झाकण सहज अडेल तिथपर्यंत फिरवा.

सत्व सगळ्या बरण्यांत पडलं का? भरताना बोलण्यात लक्ष गेलं की एखादी राहते. ताटलीत बरण्यांइतकेच भाग मोजून ठेवलेले असले तर ही शंका उरत नाही: बरण्या संपल्या आणि ताटलीत भाग उरला, तर एक बरणी पुन्हा उघडायची आहे.

बरण्या सांडशीने उभ्या धरून गंजात जाळीवर ठेवा. एकमेकींना टेकू देऊ नका. पाणी झाकणांच्या वर किमान एक इंच हवं. कमी असेल तर उकळतं पाणी बरणीवर न ओतता कडेने घाला. गंजावर झाकण ठेवा, आच मोठी करा. पाणी पूर्ण खदखदायला लागलं की त्या क्षणापासून वेळ मोजा. बरण्या ठेवल्यापासून मोजायची नाही.

अर्ध्या लिटरच्या बरणीला 45 मिनिटं. एक लिटरच्या बरणीला 55 मिनिटं. ठेचलेल्या टमाटरांच्या छापील तक्त्यांत समुद्रसपाटीपासून हजार फुटांच्या खाली 35 आणि 45 मिनिटं दिलेली असतात, हजार फुटांच्या वर 40 आणि 50, तीन हजारांच्या वर 45 आणि 55. जसजसं उंच जावं तसं पाणी कमी तापमानाला उकळतं, म्हणून वेळ वाढते. चंद्रपूर-वर्धा हजार फुटांच्या खाली आहेत, नागपूर-अमरावती किंचित वर, यवतमाळ आणि बुलडाणा आणखी वर, आणि चिखलदरा तर तीन हजार फुटांच्याही वर. ते तक्ते अमेरिकन बरण्यांचे आहेत आणि त्या आपल्या अर्ध्या आणि एक लिटरपेक्षा जराशा लहान असतात. म्हणून सगळ्या विदर्भाला चालेल असा मोठा आकडा वर दिला आहे. पाच मिनिटं जास्त उकळल्याने चवीत फारसा फरक पडत नाही. गरालाही हीच वेळ.

चुलीवर करणाऱ्यांसाठी: पऱ्हाटी (कपाशीची वाळकी झाडं) आणि तुराट्या भडकन पेटतात आणि तशाच विझतात. त्यांवर पाऊण तास अखंड खदखद टिकवणं अवघड आहे. बाभळीचं किंवा दुसरं जड लाकूड घ्या, नाहीतर हे एवढं काम गॅसवर करा. मध्ये खदखद थांबली तर पुन्हा पूर्ण उकळी आणा आणि वेळ पहिल्या मिनिटापासून मोजा. पाणी आटून झाकणांखाली जाऊ देऊ नका, बाजूला उकळत्या पाण्याचं भांडं तयार ठेवा.

पूर्णा खोऱ्यातल्या खारपाणपट्ट्यात, म्हणजे अकोला, अमरावती, बुलडाण्याच्या बऱ्याच गावांत, विहिरीचं पाणी खारं असतं. त्यात उकळलेल्या बरण्यांवर पांढरा थर बसतो आणि झाकणं लवकर गंजतात. बरण्या उकळायच्या पाण्यात दोन चमचे व्हिनेगर टाकलं की थर कमी बसतो. बाहेर काढून थंड झाल्यावर बरण्या आणि झाकणं गोड्या पाण्याने पुसून कोरडी करा. टमाटर धुवायला आणि सोलायला शक्यतो प्यायचं पाणीच घ्या.

थंड होणं आणि सील तपासणं

वेळ झाली की आच बंद करून पाच मिनिटं तसंच राहू द्या. मग बरण्या सरळ उभ्या उचलून लाकडी पाटावर किंवा जाड फडक्यावर एकमेकींपासून दोन बोटं लांब ठेवा. कडप्प्यावर किंवा फरशीवर ठेवू नका, कूलरच्या वाऱ्यात तर नाहीच. एकदम गार लागलं की काच तडकते. वर साचलेलं पाणी ओतायला बरणी तिरकी करू नका, ते आपोआप वाळतं. बरणी उलटी ठेवायची पद्धत काही ठिकाणी आहे, ती इथे नको.

थंड होताना ‘टक्’ असा आवाज येतो. आतली वाफ आकसून झाकणाचा मध्य खाली खेचला जातो त्याचा तो आवाज. बारा ते चोवीस तास हात लावू नका, झाकण पुन्हा आवळू नका. दुसऱ्या दिवशी झाकणाच्या मध्यावर बोटाने दाबा. आत खेचलेलं आणि न हलणारं असेल तर सील लागलं. दाबल्यावर खाली-वर होत असेल तर लागलं नाही. ती बरणी फ्रीजमध्ये ठेवून दोन-चार दिवसांत संपवा, किंवा चोवीस तासांच्या आत नवं झाकण लावून, टमाटर पुन्हा उकळून, पूर्ण वेळ परत द्या. रिंग असेल तर ती काढून ठेवा. रिंगखाली ओल राहून पत्रा गंजतो, आणि रिंगच्या दाबामुळे सुटलेलं सील लक्षातही येत नाही.

उकळताना थोडा रस कमी होऊन बरणी अपुरी दिसली, पण सील पक्कं आहे, तर हरकत नाही. ती बरणी आधी संपवा. खाली पाणी आणि वर गर दिसला तर कापून तापवायला उशीर झाला एवढंच, हलवून वापरा.

ठेवणं आणि उघडणं

झाकणावर भरल्याची तारीख लिहा. बरण्या अंधाऱ्या, कोरड्या आणि घरातल्या सगळ्यात गार जागी ठेवा. आपल्याकडे मे महिना हीच खरी परीक्षा. टिनाच्या छताखालच्या माळ्यावर ठेवलेल्या बरणीचा रंग आणि चव पावसाळ्याआधीच उतरते, शिवाय उष्णता आवडणारे काही जिवाणू अशा तापमानात टमाटर नासवतात. मातीच्या भिंतींची मधली खोली, जमिनीलगतचं कपाट किंवा पलंगाखालची जागा चांगली. भाजी गार ठेवायला ओली वाळू भरून केलेल्या विटांच्या हौदात ठेवू नका, तिथे झाकणं गंजतात. असं ठेवलं तर वर्षभर टिकतं. फेब्रुवारीत भरलेलं दिवाळीपर्यंत संपवलं तर चव सगळ्यात चांगली मिळते.

उघडायच्या आधी बरणी उजेडात धरून बघा. झाकण फुगलंय, कडेने रस झिरपलाय, आत बुडबुडे वर येतायत, रस गढूळ झालाय किंवा काठाशी बुरशी आहे, यांतलं एकही दिसलं तर उघडू नका. उघडताना रस फसकन उडाला किंवा वास वेगळा आला तर ‘जरासं चाखून बघू’ असं अजिबात करू नका. बोट्युलिनमच्या विषाला नेहमी वास किंवा चव असतेच असं नाही. असा माल गाईला, कोंबड्यांना किंवा उकिरड्यावर टाकू नका, जनावरांनाही हे विष बाधतं. हातमोजे घालून बरणी जुन्या भांड्यात आडवी ठेवा, ती पूर्ण बुडेल इतकं पाणी घालून झाकण ठेवा आणि अर्धा तास उकळा. थंड झाल्यावर सगळं खोल पुरून टाका. ओटा आणि सांडशी ब्लीचिंग पावडरच्या पाण्याने पुसा.

चांगली बरणी उघडताना झाकणाची कड चमच्याने हलकी उचलली की हवा आत शिरल्याचा आवाज येतो. उघडलेली बरणी फ्रीजमध्ये चार-पाच दिवस राहते. फ्रीज नसेल किंवा वीज नेहमी जात असेल तर अर्ध्या लिटरच्याच बरण्या भरा, चार-पाच माणसांच्या एका वेळच्या रश्श्याला तेवढं पुरतं. फोडणीत कांदा-लसूण परतून झाल्यावर हे टमाटर घाला. ते आधीच शिजलेले असतात, तेल सुटेपर्यंत पाच-सात मिनिटं लागतात. वरून सांबार टाका.